कॉपी मारून घे

आमच्या पिढीत मित्राच्या घरी गेलं की पाण्याच्या ग्लासाबरोबर कोरी सीडी पुढे यायची. 'कॉपी मारून घे' हे तेव्हाचं आदरातिथ्य होतं. गाणी, गेम, सिनेमे आणि ज्यांवर आम्ही ॲनिमेशन शिकत होतो ती महागडी सॉफ्टवेअरं, सगळं असंच हातोहात फिरायचं. नाशिकच्या ज्या क्लासमध्ये आम्ही फी भरून थ्रीडी शिकायला जात होतो, तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एकाच सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत होती. पहिल्याच दिवशी सूचना मिळाली, "नेट चालू असताना हे उघडायचं नाही." का, असं कुणी विचारलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही शिकत राहण्याची सवय आम्ही लावून घेतली होती.

आज माझी भाची अकरावीत आहे आणि तिच्या लॅपटॉपवर ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आहे. तिनं ते पाच मिनिटांत उतरवलं. पैसे दिले नाहीत आणि चोरीही केली नाही. क्रॅक म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं. हा बदल मला मनापासून आवडतो आणि पुढे ज्यासाठी हळहळणार आहे त्याच्या आधी तो नोंदवून ठेवतो. जुन्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप गोड आठवणींकडे वळतो. त्या हातावर माझा फारसा विश्वास नाही.

२००६ च्या पावसाळ्यात एका कॉम्प्युटर मासिकासोबतच्या डीव्हीडीवर 'एलिफंट्स ड्रीम' आमच्या हाती आला. ब्लेंडरमध्ये केलेली जेमतेम अकरा मिनिटांची फिल्म. प्रूग नावाचा म्हातारा इमो नावाच्या तरुणाला एका अवाढव्य यंत्राच्या पोटातून फिरवत असतो. म्हाताऱ्याला त्या यंत्रात जे दिसतं ते तरुणाला दिसत नाही, एवढं आम्हाला कळलं. बाकीची गोष्ट डोक्यावरून गेली. फिल्मचं नाव असं का, तेही बऱ्याच उशिरा समजलं. नेदरलँड्समध्ये मुलांना झोपवताना गोष्ट एकदम संपवायची असली की एक हत्ती येतो आणि सोंडेनं फुंकर मारून ती विझवतो. आपल्याकडे कहाणी सुफळ संपूर्ण होते, त्यांच्याकडे हत्ती येतो.

पण आम्ही चौघं त्या दुपारी जागचे हललो नाही ते गोष्टीमुळे नव्हे. डीव्हीडीवरच्या माहितीत लिहिलं होतं की ही फिल्म कुणीही पाहावी, तिच्या प्रती काढाव्यात, लोकांना दाखवावी, हवी तशी बदलावी, विकावीसुद्धा. अट एकच, मूळ करणाऱ्यांचं नाव द्यायचं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा हा परवाना आम्ही पहिल्यांदाच वाचत होतो. आणि नुसती फिल्म नव्हे. ती ज्या फायलींतून तयार झाली त्या सगळ्या, म्हणजे पात्रांचे सांगाडे, यंत्राचे भाग, प्रकाशाच्या जागा, हेही सगळं मोकळं होतं. आमच्यातला एकजण म्हणाला, "म्हणजे ही कॉपी मारली तर चोरी नाही?" त्याच्या आवाजात आनंदापेक्षा अविश्वास जास्त होता. कपाटातल्या शंभरेक डिस्कांमधली ती पहिली अशी होती, जी कुणाच्याही वडिलांसमोर काढता आली असती.

आज परवाना कुणी वाचत नाही. फिल्म यूट्यूबवर असते, खाली वर्णनात कुठेतरी परवान्याची ओळ असते आणि वर्णन उघडायचं बटण दाबायच्या आत पुढचा व्हिडिओ सुरू झालेला असतो. फुकट पाहायला मिळणं आणि आपलं म्हणून हाताळायला मिळणं यांतला फरक आम्हाला त्या दुपारी एका वाचनात कळला, कारण त्याआधीची पाच वर्षं आम्ही चोरून काढली होती. आताच्या मुलांना सगळंच फुकट दिसतं, त्यामुळे त्यातलं मोकळं कुठलं हे वेगळं ओळखायची वेळच त्यांच्यावर येत नाही. यात त्यांचा दोष नाही. त्यांना आमच्यासारखी चोरी करावी लागली असती तर फरक कळला असता, असं म्हणायलाही जीभ धजत नाही.

ब्लेंडरची स्वतःची कहाणी आम्हाला तेव्हा पुराणासारखी पाठ होती. टॉन रोझेंडाल या डच माणसानं आपल्या निओजिओ स्टुडिओच्या घरच्या कामासाठी केलेलं हे सॉफ्टवेअर. पुढे त्यासाठी 'नॉट अ नंबर' नावाची कंपनी निघाली, गुंतवणूकदार आले आणि २००२ मध्ये ती बंद पडली. सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या कुलपात अडकलं. ते सोडवायला एक लाख युरो हवे होते. जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर सगळ्यांसाठी मुक्त झालं. आम्ही गणपतीच्या वर्गणीवर वाढलेली मुलं. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं आणि त्यातून उभं राहिलेलं सगळ्या गल्लीचं असतं, हा हिशेब आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'एलिफंट्स ड्रीम'चा खर्चही काही अंशी तसाच निघाला होता. फिल्म तयार व्हायच्या आधीच लोकांनी तिची डीव्हीडी विकत घेऊन ठेवली होती आणि वेळेत पैसे भरलेल्यांची नावं शेवटच्या नामावलीत होती. आम्ही ती नामावली दर वेळी थांबवत थांबवत वाचायचो, आपल्याकडचं एखादं आडनाव दिसतंय का म्हणून.

आता नामावली सुरू झाली की पडदा आकसून कोपऱ्यात जातो.

मग २००८ आला आणि त्याबरोबर 'बिग बक बनी'. ॲमस्टरडॅममध्ये आदल्या वर्षी ब्लेंडर इन्स्टिट्यूट सुरू झाली होती आणि साशा खुडेखेबूरच्या दिग्दर्शनाखाली मोजक्या कलावंतांनी तिथे ही दहा मिनिटांची फिल्म केली. गलेलठ्ठ, भला ससा. त्याला छळणारे तीन छोटे प्राणी. फुलपाखराचा जीव जातो आणि भल्या सशाचा संयम सुटतो. एकही संवाद नाही. आमच्या घरी तेव्हा २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड होतं आणि आमच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळातलं डाउनलोड मोजलं जात नसे. त्या वेगानं सहा तासांत फार तर ७०० एमबी उतरायचे, म्हणजे एक सीडीभर. मोठ्या आकारातला ससा साधारण तेवढाच होता. पावणेदोनचा गजर लावायचा, आईची झोपमोड होऊ नये म्हणून उशीखाली. उठून डाउनलोड चालू करायचं, मॉनिटर बंद करायचा आणि पुन्हा पडायचं. पहिल्या रात्री साडेपाचला लाइन तुटली. दुसऱ्या रात्री वीज गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ससा घरात आला.

दुपारपर्यंत त्याच्या सहा प्रती निघाल्या होत्या. डिस्क राइट होत असताना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हा नियम. माउस जरी हलवला तरी डिस्क वाया जाते अशी आमची श्रद्धा होती. मग ट्रे बाहेर यायचा, डिस्क किंचित गरम असायची आणि त्यावर मार्करनं नाव लिहायचं काम ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे. फिल्मचं नाव, साल आणि खाली 'ब्लेंडर फाउंडेशन'. हे शेवटचं आम्ही कधी गाळलं नाही. परवान्यानं तेवढंच मागितलं होतं आणि तेवढं देणं आम्हाला परवडत होतं.

आता तीच फाइल भाचीकडे मिनिटभरात उतरते. ती उतरवतही नाही म्हणा, लिंक पाठवते. लिंक हलकी असते, गरम नसते, तिच्यावर कुणाचं अक्षर नसतं. पण तीन रात्री जागून एक फिल्म मिळवणं यात चांगलं काहीही नव्हतं, हेही मला कळतं. तेव्हा आमच्या वर्गात एक मुलगी होती, आमच्यापेक्षा चांगलं चित्र काढणारी. तिच्या घरी फोनची लाइन नव्हती आणि संध्याकाळी सातनंतर सायबर कॅफेत जायची परवानगी नव्हती. आमच्या या रात्रींमध्ये ती कधीच नव्हती. आज ती त्या वयाची असती तर फोनवर सगळं पाहून शिकली असती. आमच्या रम्य आठवणींच्या बाहेर उभे असलेले असे कितीजण होते, ते आम्ही मोजलं नाही.

काम करायची पद्धत तर आता ओळखू येणार नाही इतकी बदलली. आमच्या ब्लेंडरमध्ये वस्तू निवडायची तर उजवी क्लिक. बाकीचं जग डाव्या क्लिकवर चालायचं, आम्ही उजव्या. नवखा माणूस पहिल्या दहा मिनिटांत वैतागून उठायचा आणि जो उठला नाही तो आमचा झाला. फाइल उघडली की मधोमध एक घन उभा असायचा. पहिलं काम तो पुसणं, एक्स दाबून एंटर. जी दाबून सरकवायचं, आर दाबून फिरवायचं, एस दाबून लहान-मोठं करायचं. बोटं हे सगळं न बघता करायची. जुलै २०१९ मध्ये २.८ ही आवृत्ती आली आणि डावी क्लिक रूढ झाली. बदल योग्यच होता. त्या उजव्या क्लिकनं किती लोकांना दारातूनच परत पाठवलं असेल. मी मात्र अजून सेटिंगमध्ये जाऊन उजवी क्लिक करून घेतो आणि भाची माझ्या लॅपटॉपवर बसली की आधी ती बदलते.

आणि रेंडर. चित्र हलतं करायचं म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा एक चेंडू उड्या मारायला लावला तरी १२० चित्रं. आमच्या कॉम्प्युटरला एका चित्राला सहा मिनिटं लागायची, म्हणजे बारा तास. म्हणून झोपताना एफ-१२ ला आधी एकदा हात लावून एक चित्र तपासायचं, मग सगळी फिल्म रेंडरला टाकायची, पंखा कॉम्प्युटरकडे वळवायचा आणि आपण उकाड्यात झोपायचं. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी फोल्डर उघडायचा. १२० चित्रं असतील या आशेनं मोजायची. कधी ४१ निघायची, कारण पहाटे भारनियमन. कधी १२० च्या १२० निघायची आणि सगळ्यांत चेंडू जमिनीत रुतलेला असायचा, कारण रात्री कंटाळून आपणच तपासायचं टाळलेलं. सशाची दहा मिनिटं म्हणजे सुमारे १४,००० फ्रेम. त्यांना सन मायक्रोसिस्टिम्सचं संगणकांचं जाळं मिळालं होतं. 'एलिफंट्स ड्रीम'साठी अमेरिकेतल्या बोवी स्टेट विद्यापीठाचा संगणक-समूह लागला होता. आमच्याकडे एक पेंटियम आणि एक टेबलफॅन होता.

आज ईव्ही नावाचं रेंडर इंजिन दिवा हलवला की त्याच क्षणी सावली हलवून दाखवतं. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसनं 'फ्लो' ब्लेंडरमध्येच केला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्या देशाचं ते पहिलं ऑस्कर. ती बातमी आली त्या सकाळी आमच्या जुन्या चौघांच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. 'फ्लो' स्वतः खुल्या परवान्याचा नाही, हे खरं. पण तो ज्या हत्यारानं घडला ते हत्यार या खुल्या फिल्मांनीच पाजवत आणलं होतं. प्रत्येक फिल्मनं ब्लेंडरकडे काहीतरी हट्टानं मागितलं. 'एलिफंट्स ड्रीम'नं चित्रांवर थर चढवायचे नोड मागितले, सशानं अंगावरची लव आणि गवत मागितलं, २०१० च्या 'सिन्टेल'नं सगळा २.५ चा नवा सांगाडाच वापरून पाहिला, २०१२ च्या 'टीअर्स ऑफ स्टील'नं खऱ्या कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढायची सोय मागितली, २०१९ च्या 'स्प्रिंग'नं २.८ ची परीक्षा घेतली. कलावंत एका टेबलाशी, प्रोग्रॅमर शेजारच्या टेबलाशी. कलावंत अडला की प्रोग्रॅमरनं ते सॉफ्टवेअरच दुरुस्त करायचं, आणि ती दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत नाशिकमध्ये आमच्या घरी. आपण ज्यांना कधी भेटणार नाही अशा माणसांच्या अडचणी सुटल्या की आपलं काम सोपं होतं, हे आम्ही दर सहा-आठ महिन्यांनी अनुभवत होतो.

मला सगळ्यात जास्त आठवते ती मात्र फाइल उघडण्याची वेळ. फिल्म पाहून झाली की तिच्या मूळ फायली उघडायच्या. आमच्या मशीनला ५१२ एमबी रॅम. सशाच्या जंगलाची फाइल उघडायला टाकली की आम्ही खाली जाऊन वडापाव खाऊन यायचो. परत आल्यावर पडदा पांढरा असेल तर सगळं पुन्हा. फाइल उघडलीच तर आधी गवत लपवायचं, मग केस लपवायचे, आणि मग दिसायचा ससा, करड्या रंगाचा, कातडीशिवाय, सांध्यांना रंगीत कड्या लावलेला. एक कडी ओढली की कान हलायचा. दुसरी ओढली की गाल. कॅमेरा थोडा बाजूला वळवला की जंगल कुठे संपतं तेही दिसायचं, आणि त्यापलीकडे नुसती करडी पोकळी. लहानपणी गावच्या जत्रेत नाटकाच्या पडद्यामागे जाऊन राजाला विडी ओढताना पाहिलं होतं, तेव्हा अंगावर आलेला काटा पुन्हा आला. या माणसांनी आम्हाला पडद्यामागे बोलावून मुकुट हातात दिला होता. आमच्या क्लासच्या सरांनीसुद्धा स्वतःची मूळ फाइल कधी आम्हाला दाखवली नव्हती.

आता ब्लेंडर स्टुडिओच्या फिल्मांबरोबर त्यांच्या घडणीचे तास न् तासांचे व्हिडिओ येतात. वर्गणीदारांना कामाच्या फायली मिळतात. एखादा शॉट कसा सुचला, कसा फसला, कसा सुधारला, हे करणारा माणूसच सांगतो. आम्ही तीन आठवडे कड्या ओढून जे शोधलं ते तिथे वीस मिनिटांत समजतं. केरळच्या सरकारी शाळांत 'लिटल काइट्स'ची मुलं ब्लेंडर शिकतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये त्याचे धडे आहेत. आम्हाला असं काही असतं तर आम्ही दहापट शिकलो असतो. पण भाचीला विचारलं, "सशाची फाइल उघडून पाहिलीस?" तर ती म्हणाली, "मामा, व्हिडिओत दाखवलंय की सगळं." तिचं उत्तर बरोबर होतं, तरी मी थोडा वेळ गप्प बसलो.

'सिन्टेल' आला तेव्हा आम्ही त्याची मराठी उपशीर्षकं केली. पंधरा मिनिटांची फिल्म, कॉलिन लेव्हीचं दिग्दर्शन. एक मुलगी आपल्या हरवलेल्या ड्रॅगनच्या पिल्लाचा शोध घेत बर्फातून चालत राहते. जखमी होऊन ती एका म्हाताऱ्या मांत्रिकाच्या झोपडीत येते आणि त्याला आपली गोष्ट सांगते. काम म्हटलं तर एका रात्रीचं. आम्हाला आठवडा लागला, कारण पहिल्याच वाक्याला भांडण झालं. ही मुलगी त्या म्हाताऱ्याला 'तुम्ही' म्हणेल की 'तू'? इंग्रजीत तो प्रश्नच येत नाही. एकाचं म्हणणं, भाला घेऊन एकटी फिरणारी पोर कुणाला अहोजाहो करेल? दुसऱ्याचं म्हणणं, त्यानं तिचा जीव वाचवलाय, झोपडी त्याची आहे, वय त्याचं आहे. शेवटी मित्राच्या आजीला विचारलं. त्या म्हणाल्या, "परक्या घरात उबेला बसलीय ना? मग अहोच म्हणेल." तो प्रश्न मिटला. मग ड्रॅगनच्या पिल्लाचं नाव. मूळ नावाचा अर्थ खवले. आम्ही 'खवल्या' ठेवलं, आणि खवल्या मांजर माहीत असलेल्या कोकणातल्या मित्रानं त्याला मान्यता दिली. शेवटी तिला कळतं की आपण ज्याला मारलं तो मोठा झालेला खवल्याच होता, शोधण्यात वर्षं गेली आणि दोघंही वाढले. तिथे फार शब्द नाहीत. तिथे काही लिहायचं नाही, हे आम्ही भांडण न करता ठरवलं.

मग प्लेअरमध्ये लावल्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसले. रात्रभर फॉन्ट बदलत बसलो. पहाटे तीनला पहिली मराठी ओळ त्या बर्फाखाली उमटली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या आणि खालच्या मजल्यावरून काठीनं छत ठोकलं गेलं.

आता बऱ्याच व्हिडिओंखाली एक खूण दाबली की मराठी उपशीर्षकं आपोआप येतात. ती आमच्याइतकीच चुकतात आणि हजारपट लवकर येतात. ज्याला इंग्रजी येत नाही त्या माणसाला याची किंमत विचारा. तो आमच्या आठवड्याची वाट पाहत बसणार नव्हता. त्या यंत्राला फक्त 'तू' की 'तुम्ही' यावर आजीला विचारावंसं वाटत नाही. त्या आजी गेल्या. त्यांच्या नावाची ओळ आमच्या उपशीर्षकांच्या शेवटी होती.

सोसायटीच्या गणपतीतली संध्याकाळ सांगायची राहिली. २००८ चा गणपती, चौथा दिवस. भाड्याचा प्रोजेक्टर, दोन चादरी शिवून केलेला पडदा. सचिव काकांनी विचारलं, "परदेशी सिनेमा आहे, हक्काबिक्काचं काय? उद्या कुणी पैसे मागायला येणार नाही ना?" आदल्या वर्षी नव्या हिंदी सिनेमाची रस्त्यावरची सीडी लावली तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. पण त्यांनी विचारलं याचा मला आनंद झाला, कारण माझ्याकडे उत्तर होतं. परवान्याचा कागद छापून आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "लावा." सशाला भाषा नव्हती, त्यामुळे कुणाला काही समजावावं लागलं नाही. फुलपाखरू मेलं तेव्हा सतरंजीवरची पोरं गप्प झाली. ससा सूड घ्यायला उठला तेव्हा मागच्या खुर्च्यांवरच्या बायकाही 'हां, आता बघा' म्हणाल्या. आमच्या इमारतीनं उजळ माथ्यानं लावलेली ती पहिली फिल्म.

तोच ससा आज साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण वेगळ्या कामासाठी. नवा व्हिडिओ प्लेअर तपासायचा, ॲप चालतंय का बघायचं, की प्रोग्रॅमर ससा लावतात. 'सिन्टेल' वेबटॉरेंटच्या नमुन्यादाखल चालतो. परवानगी मागावी लागत नाही म्हणूनच ते शक्य झालं, आणि २०१३ मध्ये तोच ससा सेकंदाला ६० फ्रेमच्या मोठ्या आकारात नव्यानं रेंडरही झाला, तेही फायली मोकळ्या होत्या म्हणूनच. हा परवान्याचा विजय आहे, मला मान्य आहे. पण माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलानं तो पहिले दहा सेकंद शेकडो वेळा पाहिलाय आणि शेवट एकदाही नाही. २०१४ मध्ये एका बड्या कंपनीच्या स्वयंचलित दाव्यामुळे 'सिन्टेल' काही काळ यूट्यूबवर दिसेनासा झाला होता. जी फिल्म कुणालाही अडवता येत नाही तीच यंत्रानं अडवली. ती परत आली, पण तेव्हापासून मला वाटत आलंय की सगळ्यांनी एकाच खिडकीतून पाहायचं आणि कुणीच घरी प्रत ठेवायची नाही, हे बरं नव्हे.

नाशिककराला हे जास्त लागतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवत 'आगकाड्यांची मौज' केली होती. आपल्याकडच्या ॲनिमेशनची ती सुरुवात. तिची एकही प्रत आज उरलेली नाही. आपण ती फक्त वाचतो.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना आमचा ससा सापडला. मार्करचं अक्षर फिकं झालंय, पण वाचता येतं. बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह उसना आणून डिस्क घातली. बराच वेळ फिरली आणि वाचता येत नाही असं म्हणून बाहेर आली. सोळा-सतरा वर्षांत तिचा थर गेला होता. आमची उपशीर्षकं दुसऱ्या डिस्कवर होती, तीही गेली. ससा आणि सिन्टेल मात्र मला त्याच संध्याकाळी पुन्हा मिळाले, कारण त्यांच्या प्रती जगात हजारो ठिकाणी आहेत. आमच्या मराठी ओळींची प्रत आम्ही कुणाला दिली नव्हती.

भाचीबरोबर मी त्या पुन्हा करायला घेतल्या आहेत. तिचं म्हणणं, मुलगी म्हाताऱ्याला 'तू' म्हणेल. तुमच्याकडे पेन ड्राइव्हवर दोनेक जीबी जागा असेल तर या फिल्मा एकदा उतरवून ठेवा, त्यांची एखादी फाइल उघडून पाहा आणि एक प्रत शेजारच्या मुलाला द्या. वर करणाऱ्यांचं नाव लिहा.